जोडकार्डाचा मोह आणि एका कार्डाचा हिशेब

ग्राहकाला मोहात पाडणारी जी नाना आवाहने बाजारात ऐकू येतात, त्यांत ‘आज अर्धे घ्या, उरलेले सवडीने घ्या’ या आवाहनाइतके मध्यमवर्गाच्या मनाला पटणारे दुसरे क्वचितच असेल. पगारावर घर चालवणाऱ्या माणसाची सारी खरेदीच मुळी टप्प्याटप्प्याने होत असते. संगणकावरील खेळांसाठी लागणाऱ्या ग्राफिक्स कार्डांच्या व्यवसायाने हे आवाहन कमीअधिक वीस वर्षे मोठ्या कौशल्याने वापरले. एक कार्ड आज घ्यावे, वर्षा-दोन वर्षांनी तसलेच दुसरे आणून त्याच्या शेजारी बसवावे, म्हणजे यंत्राची शक्ती दुप्पट होईल, असे ते गणित होते. ज्या कंपन्यांनी हे गणित शिकवले, त्यांनीच आज ते फळ्यावरून पुसून टाकले आहे. तथापि जुनी कार्डे बाजारात स्वस्तात मिळतात आणि एकाहून दोन बरी ही समजूत सहजासहजी जात नाही. त्यामुळे महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्यांना पैसे देणारे पालक यांच्यापुढे हा प्रश्न अजूनही उभा राहतो. संगणकाची ताकद वाढवायची तर जुन्या कार्डाला जोडीदार आणावा, की जुने विकून एकच मोठे कार्ड घ्यावे?

खेळाचा प्रश्न म्हणून त्याकडे नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. चांगल्या कार्डाची किंमत अनेक घरांत महिन्याच्या पगाराशी ताडून पाहावी लागते. शिवाय दोन अर्धे मिळून एक पूर्ण होते का, आणि होत नसेल तर तो तोटा कोणाच्या माथी बसतो, हे प्रश्न निव्वळ अर्थशास्त्राचे आहेत.

दोन तपासनीस आणि एक रोजकीर्द

ग्राफिक्स कार्डाचे काम थोडक्यात असे. खेळ चालू असताना पडद्यावर दर सेकंदाला तीस, साठ किंवा त्याहूनही अधिक चित्रे एकामागून एक उमटतात. ही चित्रे रंगवण्याचा भार कार्डावर असतो, तर कोणते चित्र काढायचे याची आज्ञा संगणकाचा मुख्य प्रोसेसर देतो. पडद्यावरील बिंदूंची संख्या जितकी मोठी आणि दृश्य जितके गुंतागुंतीचे, तितके कार्डाचे श्रम अधिक.

हे श्रम दोघांत वाटता आले तर? ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर व्यवहारात आणली ती थ्रीडीएफएक्स या अमेरिकन कंपनीने. १९९८ मध्ये आलेल्या तिच्या ‘व्हूडू २’ या कार्डाची जोडी लावता येत असे. एका कार्डाने चित्राच्या सम ओळी रंगवायच्या आणि दुसऱ्याने विषम. एका कार्डावर ८०० बाय ६०० बिंदूंपर्यंतच मजल जात होती. जोडीने ती १०२४ बाय ७६८ वर गेली. पुढे २००० च्या अखेरीस या कंपनीची मालमत्ता एनव्हीडियाने विकत घेण्याचे ठरवले, आणि २००४ मध्ये एनव्हीडियाने ‘एसएलआय’ हे जुनेच आद्याक्षरी नाव नव्या तंत्राला देऊन जोडकार्डाचा पुन्हा शुभारंभ केला. प्रतिस्पर्धी एटीआयने २००५ मध्ये ‘क्रॉसफायर’ आणले. ही कंपनी पुढच्याच वर्षी एएमडीच्या ताब्यात गेली.

या दुसऱ्या अवतारात कामाची वाटणी बहुधा निराळ्या पद्धतीने होई. ओळी वाटण्याऐवजी संपूर्ण चित्रेच आलटूनपालटून वाटली जात. पहिले, तिसरे, पाचवे चित्र एका कार्डाचे. दुसरे, चौथे, सहावे दुसऱ्याचे. उत्तरपत्रिकांचा गठ्ठा दोन शिक्षकांत वाटून द्यावा, तशी ही रीत होती. एका उत्तरपत्रिकेचे गुण दुसरीवर अवलंबून नसतात. म्हणून दोन शिक्षक लावले की काम जवळजवळ निम्म्या वेळात उरकते. खेळातील चित्रे जोवर अशी परस्परांपासून स्वतंत्र होती, तोवर जोडकार्डाचे गणित बरेचसे खरे होते.

परंतु चित्रे रंगवण्याची कला पुढे गेली. कडा मऊ करण्यासाठी, प्रकाश आणि छाया अधिक स्वाभाविक दिसण्यासाठी, आदल्या चित्रातील माहिती पुढच्या चित्रात वापरण्याची तंत्रे रूढ झाली. येथे उत्तरपत्रिकांचे काम संपले आणि रोजकीर्दीचे सुरू झाले. रोजकीर्दीत ‘मागील पानावरून पुढे’ आणलेली बाकी कळल्याखेरीज नव्या पानाचा मेळ बसत नाही. सम पाने एका कारकुनाकडे आणि विषम पाने दुसऱ्याकडे दिली, तर दोघेही एकमेकांच्या टेबलाकडे खेटे घालीत बसणार. जोडकार्डाची नेमकी हीच गत झाली. आदले चित्र असे ते शेजाऱ्याच्या स्मृतीत, आणि ते आणण्यातच वाचवलेला वेळ खर्ची पडे.

सरासरीची फसवणूक

जोडकार्डाच्या जाहिरातीत एक आकडा ठळकपणे असे: दर सेकंदाला सरासरी किती चित्रे. सरासरी कशी फसवते हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून झोपडीतील माणसाच्या ताटात काय पडते ते कळत नाही. तोच प्रकार येथे होता. समजा, एक चित्र ५ मिलिसेकंदांत आले आणि पुढचे २८ मिलिसेकंदांत. मग पुन्हा ५, पुन्हा २८. सरासरी साधारण साडेसोळा मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला साठ चित्रांची भरते. परंतु डोळ्याला जाणवते ती २८ मिलिसेकंदांची खोळंबा-चाल, आणि तिचा खरा वेग सेकंदाला छत्तीस चित्रांच्या आसपास असतो. आकडा साठचा आणि अनुभव छत्तिसाचा, अशी ही तफावत.

अमेरिकन समीक्षक स्कॉट वॉसन यांनी २०११ पासून सरासरीऐवजी प्रत्येक चित्राला लागणारा वेळ मोजून प्रसिद्ध करण्याचा आग्रह धरला, आणि जोडकार्डाचे हे अडखळणे आकड्यांत दिसू लागले. एएमडीने ऑगस्ट २०१३ मध्ये चित्रांची चाल समान करणारी नवी चालक प्रणाली, म्हणजे ड्रायव्हर, ग्राहकांना दिली. दोष मान्य झाला आणि काही अंशी सुधारलाही. पण तोपर्यंत ग्राहकांनी दुप्पट शक्तीचे म्हणून दुप्पट पैसे मोजलेले होते.

दुसरा गैरसमज स्मृतीविषयीचा. ४ गिगाबाइटची दोन कार्डे लावली म्हणजे ८ गिगाबाइट झाले, असे अनेकांनी मानले. वास्तविक दोन्ही कार्डांना त्याच दृश्याची सामग्री आपापल्या स्मृतीत पूर्ण ठेवावी लागत असे. एकाच पाठ्यपुस्तकाच्या दोन प्रती घेतल्याने वाचायला दोघांना सोय होते. धडे काही वाढत नाहीत. त्यामुळे खेळाला सहा गिगाबाइट लागले, की चार-चारांची जोडी एका सहाच्या कार्डापुढे हतबल होई.

एका जोडीचा ताळेबंद

अमूर्त चर्चेपेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण तपासणे बरे. सप्टेंबर २०१४ मध्ये एनव्हीडियाचे जीटीएक्स ९७० हे कार्ड ३२९ डॉलरना बाजारात आले. जून २०१५ मध्ये त्याच पिढीतील जीटीएक्स ९८० टीआय ६४९ डॉलरना आले. म्हणजे दोन ९७० कार्डांची किंमत ६५८ डॉलर. एका ९८० टीआयपेक्षा अवघे नऊ डॉलर अधिक. निवड इतकी समतोल क्वचितच असते. (भारतात आयातीचा खर्च व कर मिळून किमती याहून चढ्या होत्या, पण तुलनेचा मुद्दा त्याने बदलत नाही.)

जोडीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. ज्या खेळांनी जोडकार्डाला नीट साथ दिली, त्यांत ९७० ची जोडी ९८० टीआयच्या पुढेही जात असे. परंतु साथ न देणाऱ्या खेळात दुसरे कार्ड केवळ पेटीत बसून राही, आणि ६५८ डॉलर मोजलेल्या ग्राहकाच्या हाती ३२९ डॉलरचेच काम पडे. स्मृतीचा हिशेब ४ विरुद्ध ६ गिगाबाइट असा होता. विजेचा भार कंपनीच्या मानांकनानुसार जोडीचा २९० वॅट, तर एका ९८० टीआयचा २५० वॅट होता.

याखेरीज जोडीचा संसार थाटण्याचा खर्च वेगळाच. दोन कार्डांसाठी योग्य खाचा आणि जोडणीची मान्यता असलेला मदरबोर्ड हवा. मोठा पॉवर सप्लाय हवा. दोन तापलेली यंत्रे एकमेकांना चिकटून बसतात म्हणून हवा खेळती ठेवणारी पेटी हवी. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण अशाच व्यवहारासाठी आहे. विजेचाही विचार करावा. दुसऱ्या कार्डाचे १४५ वॅट, रोज तीन तास, वर्षातून तीनशे दिवस, असा हिशेब धरला तर सुमारे १३० युनिट होतात. युनिटला ८ रुपये धरल्यास हजाराच्या वर रक्कम दर वर्षी जाते. रक्कम मोठी नव्हे. परंतु दुसरे कार्ड स्वस्तात मिळाले म्हणणाऱ्याने ती किमतीत मिळवलेली नसते.

आता टप्प्याटप्प्याने खरेदी करण्याचा मुख्य युक्तिवाद पाहू. ज्याच्याजवळ २०१४ मध्ये ६५० डॉलर नव्हते, त्याने एक ९७० घेतले आणि दुसरे दोन वर्षांनी घेण्याचे ठरवले. यात गैर काय? दोन वर्षांनी, म्हणजे २०१६ मध्ये, जीटीएक्स १०७० आले. त्याची किंमत ३७९ डॉलरपासून, स्मृती ८ गिगाबाइट, वीज १५० वॅट. आणि वेगात ते ९८० टीआयच्या तोडीचे किंवा किंचित पुढचेच. जुने ९७० विकून जी काही रक्कम हाती येईल तिच्यात भर घालून हे एक कार्ड घेणाऱ्यास प्रत्येक खेळात, कोणाच्याही साथीवाचून, पूर्ण शक्ती मिळाली. जुन्याला जोडीदार आणणाऱ्याने मात्र दोन वर्षे जुन्या वस्तूत नवे पैसे गुंतवले. ज्या वस्तूची किंमत दर वर्षी उतरत असते आणि जिची जागा दर दोन वर्षांनी नवी वस्तू घेते, तिच्या बाबतीत ‘उरलेले अर्धे सवडीने’ हा सल्ला मुळातच उलटा ठरतो. घराची दुसरी खोली सवडीने बांधता येते, कारण पहिली खोली दरम्यान जुनाट होत नाही.

वचन कोणी मोडले?

येथपर्यंत प्रश्न केवळ चुकीच्या निवडीचा आहे. परंतु त्याखाली एक अधिक गंभीर बाजू दडलेली आहे.

दुसरे कार्ड ही स्वयंपूर्ण वस्तू कधीच नव्हती. त्याची उपयुक्तता तिघांच्या सहकार्यावर अवलंबून होती: ग्राहक, खेळ लिहिणारी कंपनी आणि प्रत्येक नव्या खेळासाठी ड्रायव्हरमध्ये तजवीज करणारी कार्डाची कंपनी. ग्राहक पैसे आधी देत असे. बाकीचे दोघे आपला वाटा पुढे कधीतरी उचलणार होते. अशा व्यवहारात ज्याने आधी दिले तोच अडकतो.

झालेही तसेच. २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर आलेल्या ‘डायरेक्टएक्स १२’ या व्यवस्थेने अनेक कार्डे वापरण्याची जबाबदारी मुख्यतः खेळ लिहिणाऱ्यांकडे सोपवली. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स यांच्यात ग्राफिक्सची एकच चिप असते. त्या लाखो ग्राहकांसाठी खेळ तयार करणाऱ्या कंपनीने मूठभर जोडकार्डधारकांसाठी वेगळे श्रम का घ्यावेत? साथ कमी म्हणून ग्राहक कमी आणि ग्राहक कमी म्हणून साथ आणखी कमी, असे दुष्टचक्र फिरू लागले. २०१६ मध्ये एनव्हीडियाच्या जीटीएक्स १०६० या मध्यम किमतीच्या कार्डातून जोडणीची सोयच काढली गेली. त्याच वर्षी एएमडी मात्र आरएक्स ४८० या स्वस्त कार्डाची जोडी एका खेळात महागड्या जीटीएक्स १०८० वर मात करते, असे प्रात्यक्षिक दाखवत होती. आणि तीन वर्षांनी तिच्याच आरएक्स ५७०० मधून क्रॉसफायर नाहीसे झाले. सप्टेंबर २०२० मध्ये एनव्हीडियाने जाहीर केले की १ जानेवारी २०२१ पासून आधीच्या कार्डांसाठी एसएलआयची नवी तजवीज ड्रायव्हरमध्ये केली जाणार नाही. नव्या पिढीत जोडणीची खाच उरली ती फक्त सर्वांत महाग अशा आरटीएक्स ३०९० वर, आणि २०२२ मधील आरटीएक्स ४०९० वर तीही राहिली नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा, अशी जोडकार्डधारकांची अवस्था झाली.

तंत्र कालबाह्य झाले तर ते सोडावेच लागते. त्याबद्दल कंपन्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न आहे तो माहितीचा. याच जीटीएक्स ९७० बाबत एक बोलका प्रसंग घडला. ४ गिगाबाइट म्हणून विकलेल्या या कार्डातील शेवटचा अर्धा गिगाबाइट उरलेल्या साडेतीनपेक्षा बराच संथ असल्याचे जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले. अमेरिकेत दावा उभा राहिला आणि २०१६ मध्ये प्रत्येक कार्डामागे ३० डॉलर देण्याची तडजोड झाली. अर्ध्या गिगाबाइटच्या संथपणाची दाद लागली, कारण तो आकडा खोक्यावर छापलेला होता. ‘दुसरे कार्ड पुढेही उपयोगी पडेल’ हे आश्वासन मात्र किती काळासाठी होते ते कोठेच छापलेले नव्हते. म्हणून ते ओसरले तेव्हा दाद मागण्यास जागाच नव्हती.

आक्षेप आणि मर्यादा

या विवेचनावर काही आक्षेप येतील. पहिला असा, की काही जण सर्वांत शक्तिमान कार्ड आधीच बाळगून होते. त्यांना पुढे जायचे तर दुसऱ्या कार्डावाचून मार्गच नव्हता. हे खरे आहे. बाजारातील सर्वश्रेष्ठ वस्तूही ज्याला अपुरी पडते, त्याला जादा फळासाठी अवास्तव किंमत मोजावी लागते, आणि ती मोजण्याचा त्याला अधिकार आहे. परंतु तो अपवाद आहे. विद्यार्थ्याच्या खरेदीचा तो नमुना नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. खेळाबाहेर अनेक कामांत दोन कार्डे आजही उत्तम चालतात. ‘ब्लेंडर’सारख्या प्रणालीत चलच्चित्र तयार करताना दोन कार्डे वेग खरोखरच वाढवतात. घरच्या संगणकावर कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषिक प्रतिमाने चालवताना प्रतिमानाचे थर दोन कार्डांत वाटून ठेवता येतात; म्हणजे जी स्मृती खेळात जमा होत नव्हती, ती येथे जमा होते. अशा कामासाठी जोडी घेणारा चुकत नाही. मात्र यावरून मूळ विधान खोटे ठरत नाही, उलट स्पष्ट होते. उत्तरपत्रिकांसारखे विभागता येणारे काम असेल तर दोन हात घ्यावेत. रोजकीर्दीसारखे साखळीने जोडलेले असेल तर एकच हात घ्यावा, पण तो मजबूत असावा. खेळाचे काम आता दुसऱ्या प्रकारचे झाले आहे.

तिसरा आक्षेप स्वस्ताईचा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवर चालणारी खननपद्धत बंद झाली आणि वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने जुन्या बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या संगणकाच्या बाजारात हिंडणाऱ्या विद्यार्थ्याला जुने कार्ड नव्याच्या एका अंशात मिळू शकते. परंतु नव्या खेळांसाठी ज्याचा उपयोग शून्य, त्याची किंमत कितीही कमी असली तरी ती जास्तच होय.

करायचे काय?

ज्याला खेळासाठी संगणक सुधारायचा आहे, त्याने प्रथम अडचण नेमकी कोठे आहे ते पाहावे. पडदा १९२० बाय १०८० बिंदूंचा असेल तर सर्वांत महाग कार्डाची गरज नाही. प्रोसेसर सेकंदाला साठच चित्रांच्या आज्ञा देऊ शकत असेल, तर एक काय किंवा दोन काय, कार्डे साठापुढे जाणार नाहीत. एवढे तपासल्यावर आपल्या ऐपतीत बसणारे, पुरेशा स्मृतीचे एकच कार्ड घ्यावे. आज पैसे अपुरे असतील तर मध्यम कार्ड घेऊन, त्याला किंमत आहे तोवर ते विकून, वरच्या पायरीवर जावे. टप्प्याटप्प्याने चढण्याचा मध्यमवर्गीय मार्ग येथेही खुला आहे. फरक इतकाच, की जुन्या पायरीवर दुसरी तशीच पायरी रचायची नसून ती सोडून वर जायचे आहे. पॉवर सप्लाय मात्र प्रथमपासूनच चांगला घ्यावा, कारण तो पुढच्या कार्डालाही उपयोगी पडतो.

हे झाले ग्राहकापुरते. शासनाचेही येथे काम आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा ग्राहकाचा हक्क मान्य केला आहे. आजच्या यंत्राची क्षमता लोखंडात आणि सिलिकॉनमध्ये जेवढी असते, तेवढीच ती कंपनी पुढे किती वर्षे ड्रायव्हर पुरवणार आहे यातही असते. औषधाच्या बाटलीवर मुदत छापावी लागते, तशी ही मुदतही खोक्यावर छापण्याचे बंधन घालावयास काय हरकत आहे? तसे बंधन असते, तर दुसऱ्या कार्डासाठी पैसे साठवणाऱ्या अनेकांनी ते वेळीच दुसरीकडे वळवले असते.